समुद्राला परसदार नसतं : बार्बेडोसला पोहायला जाण्याआधी

मागच्या आठवड्यात दिरांचा फोन आला, न्यू जर्सीला असतात ते, म्हणाले वहिनी डिसेंबरात बार्बेडोसचं ठरतंय, तुम्ही तीनदा जाऊन आलात, तिथले बीच सेफ आहेत ना, पोरं पाण्यात उतरणार आणि आईलाही पाय भिजवायचेत. मी म्हटलं भाऊजी, कुठला बीच? आणि त्या दिवशी वारा कुठून असेल? पलीकडे जरा शांतता, मग म्हणाले वहिनी, मी हॉटेल बुक करतोय, जहाज नाही.

हसले मीही, पण प्रश्न खराच वाऱ्याचा आहे. फोनवर सगळं सांगता येईना म्हणून नीट बसून लिहून काढलं, बाकी कुणी जात असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. बार्बेडोस उत्तर-दक्षिण साधारण ३४ किलोमीटर आणि रुंदीला फार तर २३, म्हणजे पुणे-लोणावळा अंतर त्याच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट. सकाळी एका किनाऱ्यावर चहा घेऊन तासाभरात दुसऱ्या किनाऱ्यावर पोचता. आपण त्याला कॅरिबियन बेट म्हणतो पण ते बाकीच्या बेटांच्या रांगेत नाहीच, रांग सोडून दीडशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटंच बसलंय. त्यामुळे त्याला दोन समुद्र आहेत असंच समजा. आणि तिथे वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडूनच येतो, शाळेत भूगोलात पाठ केलेले ते व्यापारी वारे हेच, परीक्षेनंतर परत कधी भेटतील असं वाटलं नव्हतं.

आता वारा पूर्वेचा म्हटल्यावर पूर्व किनाऱ्यावर काय होणार बघा. लाट म्हणजे वाऱ्याने पाण्याला दिलेली ताकद, आणि वारा जितक्या लांबवरून मोकळा वाहत येतो तितकी लाट मोठी होत जाते. पूर्वेला आफ्रिकेच्या बाजूपर्यंत मधे अडवायला काही नाही, हजारो किलोमीटर नुसतं पाणी, त्यामुळे तिकडून आलेल्या लाटा बाथशेबाच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात तेव्हा गाडीतून उतरायच्या आधी त्यांचा आवाज ऐकू येतो. बाथशेबा दिसायला अप्रतिम आहे, किनाऱ्यावर घराएवढे प्रवाळाचे खडक उभे, खालून लाटांनी खाल्लेले त्यामुळे अळंबीसारखे दिसतात, आणि तिथली सूप बोल नावाची जागा जगभरच्या सर्फिंगवाल्यांना माहीत आहे. पण पोहायला नाही हो. फोटो काढा, भरपूर काढा, ओहोटीला खडकांच्या मधल्या डबक्यांमध्ये स्थानिक लोक बसलेले असतात तिथे त्यांच्याबरोबर त्यांना विचारून बसा, त्यापलीकडे जायचं नाही.

तिथेच एका नारळवाल्या आजीने आम्हाला ती बार्बेडोसची म्हण ऐकवली होती, सासरे धोतर वर खोचून पाण्याकडे निघाले होते तेव्हा. समुद्राला मागचं दार नसतं. म्हणजे घरात काही झालं तर परसदारातून तरी पळता येतं, समुद्रात शिरलात की ज्या दाराने गेलात त्याच दाराने परत यायचं आणि ते दार उघडं राहील की नाही ते तुमच्या हातात नाही. सासरे थबकले. आमच्या पाच जणांच्या आरडाओरड्याने जे झालं नव्हतं ते त्या बाईच्या एका वाक्याने झालं.

पण पूर्व किनाऱ्याची मला तेवढी भीती वाटत नाही. का, तर तो भीतीदायक दिसतो. लाटा बघूनच माणूस मागे सरतो. मला जास्त काळजी वाटते ती शांत दिसणाऱ्या पाण्याची, आणि खाली जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

पश्चिम किनारा घ्या. पेन्स बे, मलिन्स, होलटाउन, खाली ब्रिजटाउनजवळ कार्लाइल बे, हे सगळं बेटाच्या आडोशाला. वारा डोंगराच्या पलीकडून येतो त्यामुळे इथे पाणी अक्षरशः तळ्यासारखं, फिरोजी रंगाचं, खालची वाळू मोजून घ्यावी इतकं स्वच्छ. लहान मुलं, म्हातारी माणसं, पहिल्यांदा समुद्रात उतरणारे, सगळ्यांनी इथेच जायचं. मग गोम कुठे आहे? गोम अशी की तोच पूर्वेचा वारा बेट ओलांडून आला की इथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यावर उभं राहिलात तर तो तुमच्या पाठीवर लागतो, छान वाटतो, आणि किनाऱ्याजवळ तर झाडा-घरांच्या आडोशामुळे जाणवतही नाही. जाणवतो तो शंभर-दीडशे मीटर आत गेल्यावर. आता तुम्ही फुगवायचा हंस घेऊन त्यावर आडवे झालात, किंवा पोराला फुगवलेल्या डोनटमध्ये बसवलंत, तर ते काय आहे? शीड आहे. वारा त्याला हळूहळू बाहेर ढकलत नेतो, लाट नाही काही नाही, सगळं शांत, तुम्ही डोळे मिटून पडलेले, आणि डोळे उघडता तेव्हा छत्र्या काडेपेटीएवढ्या झालेल्या असतात. पुढची जमीन सेंट व्हिन्सेंट, दीडशेहून जास्त किलोमीटर.

आमच्या घरातल्या एका इसमाचं हे झालेलं आहे, नाव घेत नाही, त्यांच्याशी मला रोज जेवायला बसायचं असतं. एका स्थानिक मुलाने जेट-स्कीवर जाऊन हंसासकट ओढून आणलं. तेव्हापासून आमचा नियम असा की फुगवायच्या वस्तू फक्त स्विमिंग पूलमध्ये. आणि पॅडल बोर्ड घेतलात, तो उभं राहून वल्हवायचा, तर त्याचा दोर पायाला बांधलेलाच हवा, लाइफ जॅकेट हवं, आणि सुरुवात किनाऱ्याला समांतर करायची, सरळ आत नाही. वाऱ्याबरोबर जाताना वाटतं वा काय जमतंय आपल्याला, ते तुमचं कौशल्य नसतं, वारा असतो. परत येताना तोच तोंडावर येतो तेव्हा कळतं. वारा बोर्डावर उभं राहू देईनासा झाला तर गुडघ्यावर बसा, नाहीतर पोटावर झोपून हाताने वल्हवा, अंग जितकं खाली तितका वारा कमी लागतो. बोर्ड सोडून पोहत यायचं मात्र अजिबात नाही, बोर्ड तरंगतो आणि लांबून दिसतो, तुमचं डोकं दिसत नाही.

दक्षिण किनारा या दोघांच्या मधला. अक्रा बीचवर मध्यम लाटा, पोरांना उड्या मारायला मजा येते, लाइफगार्ड असतात. ऑइस्टिन्सजवळ एक बीच आहे ज्याला लोक मायामी बीच म्हणतात, त्याच्या एका अंगाला शांत पाणी आणि दुसऱ्या अंगाला लाटा, दोन मिनिटं चालायचं अंतर, मला फार आवडतो. अगदी दक्षिणेच्या टोकाला सिल्व्हर सँड्स, तिथे वारा जोरदार, काइट-सर्फिंगवाल्यांचं, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून लाटांवर धावणाऱ्यांचं माहेरघर, तिथे नवशिक्याने पोहायला उतरू नये, एक तर पाणी खेचतं आणि वर त्या पतंगांच्या दोऱ्या.

आता रिप करंट. हे जरा हळूहळू वाचा कारण समुद्रात बुडणारे बरेच लोक हे न कळल्यामुळे मरतात, तिथेही आणि आपल्या कोकणातही. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणून टाकतात, बरोबर? ते पाणी परत कुठेतरी जायलाच हवं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचा बांध असतो नाहीतर प्रवाळाचा, आणि त्या बांधाला कुठेतरी खिंड पडलेली असते, तर साठलेलं सगळं पाणी त्या खिंडीतून बाहेर धावतं. गच्चीवर पाऊस पडला की सगळं पाणी पन्हाळीच्या तोंडाशी कसं जोरात जातं, तसंच. ही पन्हाळ म्हणजे रिप. वेग जास्तीत जास्त सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास जाऊ शकतो, ऑलिम्पिकवाल्यालाही त्याच्या उलटं पोहता येणार नाही, तुमची-माझी काय कथा.

आणि ती दिसते कशी, तर शांत. खिंडीत पाणी खोल असतं त्यामुळे तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे एक गडद, गुळगुळीत पट्टा. घरची मंडळी काय म्हणतात, अरे इकडे लाटा कमी आहेत, पोरांना इकडे आणा. झालं. पाण्यात उतरायच्या आधी दहा मिनिटं किनाऱ्यावर नुसतं उभं राहा, जरा उंचावर असलात तर उत्तम, आणि बघा की लाटा कुठे फुटतायत आणि कुठे फुटत नाहीयेत, फेस किंवा शेवाळ कुठे उलटं समुद्राकडे चाललंय का, पाण्याचा रंग कुठे मातकट झालाय का.

सापडलातच तर काय करायचं? पहिली गोष्ट, रिप पाण्याखाली ओढत नाही, बाहेर ओढते. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर अर्धी भीती जाते. माणूस बुडतो तो तिच्याशी भांडून दमल्यामुळे. त्यामुळे पाठीवर तरंगा, श्वास आवरा, हात वर करून हलवा म्हणजे किनाऱ्यावर कुणाला तरी दिसेल. लाटा फुटतात त्या रेषेच्या थोडं पलीकडे गेलं की तिचा जोर सहसा ओसरतो. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा, पांढऱ्या फेसाच्या दिशेने, पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघालात की मग लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या. एका बाजूला जमत नसेल तर दुसरीकडे प्रयत्न करा, तेही नाही जमलं तर तरंगत राहा. सरळ किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत बसणं ही एकच गोष्ट करायची नाही, आणि नेमकी तीच करावीशी वाटते.

कोकणातल्या लोकांना इथे एक वेगळी अडचण येते, ती सांगते कारण माझं माहेर गुहागरचं. आपण समुद्र बघतो तो भरती-ओहोटीने. आज उधाण आहे का, भांग आहे, किती वाजता पाणी चढेल, हे आपलं गणित, आणि ते बरोबरही आहे कारण मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. बार्बेडोसला भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आतबाहेर. सकाळी जिथे टॉवेल टाकलात तो संध्याकाळी बहुतेक तिथेच असतो. त्यामुळे आपल्या माणसाला वाटतं हा समुद्र गरीब आहे. गरीब नाही, त्याचं घड्याळ वेगळं आहे. तिथे चंद्रापेक्षा वारा आणि लांबची वादळं बघायची.

लांबची म्हणजे किती लांबची, तर भाऊजींसाठी खास हा मुद्दा, डिसेंबरात जातायत म्हणून. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये, पार हजारो किलोमीटर वर, वादळं होतात आणि त्यांच्या लाटा दोन-तीन दिवस प्रवास करून खाली येतात आणि बेटाला वळसा घालून थेट त्या शांत पश्चिम किनाऱ्यावर आपटतात. आकाश निळं, वारा नाही, हॉटेलवाले रम पंच फिरवतायत, आणि काल जिथे तळं होतं तिथे आज पुरुषभर लाटा. त्यामुळे काल इथे पोरं खेळली म्हणून आजही खेळतील हा हिशेब तिथे चालत नाही, रोज सकाळी नव्याने बघायचं. बेटाच्या हवामान खात्याचा समुद्राचा अंदाज असतो, त्यात लाटांची उंची आणि इशारा दोन्ही असतं, फोनवर दोन मिनिटांचं काम.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १ जून ते ३० नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम. २०२४ च्या जूनची २९ तारीख कुणी विसरलं नसेल, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर वर्ल्डकप, रोहितने खेळपट्टीवरचं चिमूटभर तोंडात टाकलं, आणि मग टीम तिथेच अडकली कारण बेरिल नावाचं चक्रीवादळ येत होतं. विमानतळ बंद, चार तारखेला कुठे ती मंडळी भारतात पोचली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नव्हती. पण मला सांगायचंय ते वेगळंच. बेरिल बार्बेडोसवर आलंच नाही, १ जुलैला दक्षिणेकडून निघून गेलं. आणि मार कुठे बसला? लाटा दक्षिण आणि पश्चिमेकडून शिरल्या, ब्रिजटाउनच्या बंदरात सुरक्षित म्हणून आणून लावलेल्या मच्छीमारांच्या बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या. वादळ लांबून गेलं म्हणजे सुटलो असं पाण्यात नसतं.

मुख्य बीचवर लाइफगार्ड असतात, झेंडे असतात. लाल दिसला तर उतरायचं नाही, लाल-पिवळा म्हणजे इथे आमचं लक्ष आहे, याच भागात पोहा. पण कॅरिबियनमध्ये प्रत्येक बेट वेगळा देश आहे, झेंड्यांच्या पद्धती सगळीकडे तंतोतंत सारख्या नसतात, आणि झेंडा नाही म्हणजे सेफ असाही अर्थ नाही. सरळ लाइफगार्डकडे जा, गुड मॉर्निंग म्हणा आणि विचारा की आज कुठे उतरू. गुड मॉर्निंग आधी हं, तिथे ते न म्हणता प्रश्न विचारला तर उद्धटपणा समजतात. आणि संध्याकाळी ते घरी जातात, मग सूर्यास्ताचं पोहणं कितीही रोमँटिक असलं तरी बघणारं कुणी नसतं.

पोहता येतं का या प्रश्नावर आपल्याकडे उत्तर ठरलेलं, हो येतं की, गावच्या विहिरीत शिकलोय पाठीला पत्र्याचा डबा बांधून. विहिरीत शिकलेला माणूस दमदार असतो हे कबूल, पण विहिरीला काठ चारही बाजूंनी असतो. समुद्रात खारट पाणी नाकातोंडात जातं, लाट मधेच येते, तळ हलतो, आणि पन्नास मीटर गेल्यावर धरायला काही नसतं. शिवाय आपल्या बायका पंजाबी ड्रेस घालून, पुरुष जीन्स वर दुमडून उतरतात. भिजलेली जीन्स आणि ओढणी पायात अडकली की चांगला पोहणारा सुद्धा गडबडतो. लाज वाटत असेल तर पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा अंगाला बसणारा सूट मिळतो, बुरखाछाप सोडा, साधे छान मिळतात, सासूबाईंना घेतला आणि त्या आता स्विमिंग पूललाही तोच घालून जातात.

लाट जिथे अगदी काठावर धप्पकन फुटते, जसं क्रेन बीचला होतं, तिथे गुडघाभर पाण्यातही जपायचं. ती लाट उचलून डोक्यावर आपटते, मान मोडण्याचे प्रकार होतात. समुद्राकडे पाठ करून फोटोला उभं राहायचं नाही, आणि पाणी किती खोल आहे ते माहीत नसताना सूर मारायचा नाही.

आणखी एक शांत गोष्ट. बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात हात उंचावून वाचवा वाचवा करतात तसं नसतं, तोंड पाण्याच्या रेषेवर वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कधी. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, डोकं मागे, नजर हरवलेली, लांबून वाटतं मजेत उभा आहे. हे सगळं मिनिटभराच्या आत संपू शकतं. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर मोठ्याने हाताच्या अंतरावर राहायचं, आणि आमच्याकडे तर सरळ पाळी लावतो, आता अर्धा तास तू, मोबाइल इकडे दे. दहा मोठी माणसं बसलेली असतात तेव्हाच धोका जास्त, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. कुणी सापडलंच तर मागे उडी मारायची नाही, वाचवायला गेलेले बाप-काकाच जातात बऱ्याचदा. तरंगणारं काहीही फेका, बोर्ड, आइसबॉक्स, रिकामा कॅन, आणि लाइफगार्डला हाक मारा. बार्बेडोसला अॅम्ब्युलन्सचा नंबर ५११, पोलिसांचा २११, फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं. कार्लाइल बेमध्ये हे करायलाच हवं, उथळ पाण्यात जुनी बुडालेली जहाजं आहेत, त्यातली बर्विन नावाची टगबोट १९१९ पासून तिथे पडलीय आणि तिच्यावर आता प्रवाळ आणि माशांचा संसार. कासवंही येतात. (सकाळी लवकर गेलात तर शेजारच्या पेबल्स बीचवर रेसचे घोडे समुद्रात अंघोळीला आणतात, ते बघणं चुकवू नका.) पण मास्क आणि नळी पहिल्यांदा समुद्रात लावायची नसते. हॉटेलच्या पूलमध्ये उभं राहून आधी सराव करा, मास्कमध्ये पाणी गेलं की काय करायचं, नळीतलं पाणी फुंकून कसं काढायचं. कारण खोल पाण्यात पहिला घोट गेला की माणूस घाबरून मास्क ओढून काढतो आणि मग सगळंच बिघडतं. तरंगायचं जॅकेट घालायला लाजू नका, दम लागला की लगेच उलटे होऊन पाठीवर या, ज्यांना हार्टचा किंवा बीपीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरना विचारूनच, कारण नळीतून श्वास घ्यायला छातीला जास्त मेहनत पडते आणि ती जाणवत नाही. जोडीदार सोडायचा नाही. कासवाला हात लावायचा नाही, प्रवाळावर उभं राहायचं नाही, तो दगड नाही, जिवंत प्राणी आहे, वर पाय कापतो तो वेगळाच.

स्कूबाचं, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून खोल बुडी मारण्याचं, एकच समजावून सांगते कारण तिथे फिजिक्स आहे. पाण्याखाली दहा मीटरला दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छाती भरून हवा घेतलीत आणि श्वास रोखून वर आलात तर वर येईपर्यंत तीच हवा दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस काही फुगा नाही. म्हणून स्कूबात श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. पहिल्यांदा करणाऱ्यांना इन्स्ट्रक्टरबरोबर १२ मीटरपर्यंतच नेतात, त्याहून खाली नेतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आणि विमान. एक डाइव्ह केली असेल तर त्यानंतर किमान १२ तास, जास्त केल्या असतील किंवा रोज करत असाल तर १८ तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर वर हवेचा दाब कमी झाला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे. म्हणून स्कूबा ट्रिपच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी सकाळी नाही.

जेट-स्कीवाले पश्चिम किनाऱ्यावर येऊन विचारतातच. हॉटेलकडून नाहीतर लायसन्सवाल्याकडूनच घ्या, आधीच असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा, आणि तुमच्या इन्शुरन्समध्ये मोटरवाले वॉटर स्पोर्ट्स आहेत का ते घरूनच बघा, बऱ्याचदा नसतात. पण खरा मुद्दा हा की जेट-स्कीला ब्रेक स्कूटरसारखा नसतो आणि ती वळते मागून फेकलेल्या पाण्याच्या जोरावर. समोर कुणी आलं की आपला हात काय करतो, घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो. सोडला की पाण्याचा झोत बंद, झोत बंद की हँडल कितीही फिरवा ती सरळच जाते. वळायचं असेल तर थोडं अॅक्सिलरेटर द्यावं लागतं, हे स्कूटर चालवणाऱ्या माणसाच्या सगळ्या सवयींच्या उलट आहे. मनगटाचा तो दोर लावल्याशिवाय बसू नका, पडलात तर इंजिन बंद होतं. पोहणाऱ्यांनी बोया लावलेल्या भागातच राहावं. पॅरासेलिंगला वारा वाढला किंवा क्षितिजावर काळं दिसलं की पैसे परत मागा, संपलं.

चावणारे-टोचणारे पटकन सांगते. काळे लांब काटेवाले सी-अर्चिन खडकांत बसलेले असतात, पाण्यातले शूज घाला. लायनफिश दिसायला नवरीसारखा नटलेला पण काटे विषारी, गंमत म्हणजे तो मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी महासागर-पॅसिफिककडचा, तिकडे नसती पीडा होऊन बसलाय. यांचं काही टोचलं तर सोसेल इतक्या गरम पाण्यात ते अंग बुडवून ठेवणं हा पहिला उपाय, मग डॉक्टर. पोर्तुगीज मॅन-ओ-वॉर म्हणजे पावसाळ्यात जुहूला जे निळे फुगे वाहत येतात त्यांचा मोठा भाऊ, वाळूवर मेलेला दिसला तरी हात लावू नका. लागलाच तर वाळूने चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्या पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा. सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ २०११ पासून ढिगांनी येतंय, जास्त करून पूर्व-दक्षिणेला, कुजलं की सडक्या अंड्यांचा वास, दमा असलेल्यांनी त्यापासून लांब.

आणि मँचिनील. किनाऱ्यावरच हिरवंगार झाड, खाली छान सावली, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं, वासही गोड. जगातल्या सर्वांत विषारी झाडांपैकी एक. चीक अंगावर पडला तर फोड, पावसात त्याच्याखाली उभं राहिलात तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही फोड, फळ खाल्लं तर घसा भाजतो. बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो किंवा पाटी असते. आपल्याकडे झाडाखाली चादर टाकून डबे उघडायची सवय, त्यामुळे आधी बुंधा बघा मग चादर.

ऊन. बेट १३ अंश उत्तरेला, म्हणजे साधारण तमिळनाडूच्या रेघेत, आणि आपण सावळे म्हणून आपल्याला लागत नाही हा गैरसमज मी पाठीची सालं काढून दूर करून घेतलाय. स्नॉर्कलिंगला तासभर पाठ वर असते, वारा गार असतो, कळत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. रम पंचची तिथली कविता आहे, एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ, म्हणजे लिंबू, साखर, रम आणि पाणी-बर्फ. त्यातलं तीन लक्षात ठेवा आणि ते पाण्यातून कायमचे बाहेर आल्यावरच प्या.

हे सगळं भाऊजींना पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग मी आणखी एक ओळ टाकली की बार्बेडोसमध्ये मिलिटरीसारखे ठिपक्या-ठिपक्यांचे कपडे घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनीसुद्धा, आणि पुतण्याची ती पोहायची चड्डी तशीच आहे. पाच मिनिटांत जाऊबाईंचा नव्या चड्डीचा फोटो आला, निळी, शार्क असलेली. बाकीचं वाचलं का म्हणून विचारलंय, अजून निळी टिक झालेली नाही.